चाळीस दिवसांना चार जोड कपडे

हजची नावे जाहीर झाली, पैशांचे हप्ते भरून झाले, लसी टोचून झाल्या की घराघरांत एकच काम उरते. बॅग भरणे. आणि ही बॅग हाजी एकटा भरत नाही, सारा मोहल्ला भरतो. कुणी घरचे लाडू आणून देते, कुणी लोणच्याची बरणी. कुणी सांगते, रात्री थंडी वाजेल, जाड ब्लँकेट न्या. कुणी सांगते, तिथे भाजून निघाल, हातपंखे न्या. देणाऱ्यांचा जीव त्यात असतो, म्हणून कुणाला नाही म्हणवत नाही. मात्र ती बॅग पुढे चाळीस दिवस उचलायची असते त्या हाजीला, आणि तो बहुतेक वेळा साठी ओलांडलेला, गुडघ्यांनी हैराण झालेला असतो.

हजहून परतलेल्यांची मुबारकबाद घ्यायला जाताना आम्ही एक प्रश्न नेहमी विचारतो: नेलेल्या सामानापैकी काय अजिबात वापरले नाही? उत्तर देताना लोक आधी हसतात, मग बोटे मोजू लागतात. सहा-सात जोड कपडे, दोन ब्लँकेट, स्टीलचे डबे, अर्धे फरसाण. काय कमी पडले, असे विचारले तर उत्तर फार छोटे असते. पायात बसलेली चप्पल, बिनवासाचा साबण, मांड्यांना लावायला व्हॅसलीन. म्हणजे बॅगा भरलेल्या होत्या, आणि लागणारी वस्तू नेमकी त्यात नव्हती.

असे का होते, याचे एक कारण आम्हाला चंद्राच्या दिनदर्शिकेत सापडते. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून हज दरवर्षी तेवढाच अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. २००६ या एका इंग्रजी वर्षात तर अरफातचा दिवस दोनदा आला, ९ जानेवारीला आणि पुन्हा २९ डिसेंबरला. दोन्ही हिवाळ्यातले. त्या काळात जाऊन आलेले आपले चाचा, मामू, खाला आज घरातले अनुभवी हाजी आहेत, आणि त्यांची यादी आपण डोळे मिटून पाळतो. त्यांना मुज्दलिफाच्या उघड्या माळावर खरोखर थंडी वाजली होती. पण २०२४ मध्ये अरफात १५ जूनला होता आणि २०२५ मध्ये ५ जूनला. २०२४ च्या हजच्या दिवसांत, १७ जूनला, मस्जिदे हरामजवळ पारा ५१.८ अंशांवर गेला. त्या वर्षी तेराशेहून अधिक लोक दगावले. त्यात परवान्याविना आलेले, सावलीशिवाय लांबलांब पायी चाललेले लोक सर्वाधिक होते. ज्या चाचांनी स्वेटर नेला ते चुकले नव्हते. त्यांचा हज वेगळ्या ऋतूतला होता. तेव्हा बॅग भरण्याआधी पहिले काम हे, की आपला हज कोणत्या महिन्यात येतो ते कॅलेंडरवर पाहायचे आणि त्याच महिन्यात अलीकडे गेलेल्या माणसाला गाठायचे. पुढच्या काही वर्षांत हज मे सोडून एप्रिलकडे, मग मार्चकडे सरकेल आणि आजची यादीही जुनी होईल.

ऋतू एक असला तरी या सफरीत हवा एक नसते. मे-जूनमध्ये मुंबईहून निघताना घामाने कुर्ता अंगाला चिकटलेला असतो. विमानात गारठा. जिद्दाह तांबड्या समुद्राच्या काठी, तिथे पुन्हा आपल्या मुंबईसारखी चिकट हवा. तिथून मक्का जेमतेम ऐंशी किलोमीटर, पण डोंगरांनी वेढलेली, कोरडी, तापलेली. हरममध्ये शिरलो की एसीचा थंड झोत घामेजल्या पाठीवर बसतो. मदिना मक्केहून बरीच उंचावर, समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर. तिथली हवा आणखी कोरडी. ज़ियारतसाठी कुणी ताइफला गेलेच तर ते अठराशे मीटरच्या पुढे, संध्याकाळी अंगावर काहीतरी घ्यावेसे वाटणारे गाव. आणि चाळीस दिवसांनी घरी परततो तेव्हा इथे धो धो पाऊस.

एवढ्या हवा म्हटल्यावर प्रत्येकीसाठी वेगळे कपडे हवेत, असे वाटणे साहजिक आहे. बॅग तिथेच फुगते.

आमचे म्हणणे असे की अंगावर एक, दोरीवर एक, बॅगेत एक आणि परतीच्या दिवसासाठी घडी घालून ठेवलेला एक, असे चार जोड पुरतात. चाळीस दिवसांना चार ऐकून घरातल्या बायका आमच्याकडे संशयाने पाहतात. पण कोरड्या हवेचा हिशोब वेगळा आहे. आपण कोकणातली माणसे पावसाळ्याच्या हिशोबाने कपडे मोजतो. चिपळूण-महाडला जुलैत धुतलेला कुर्ता तिसऱ्या दिवशीही ओलसर वास मारतो, म्हणून आपल्याला सहा-सात जोड जवळ असल्याशिवाय चैन पडत नाही. मक्केच्या उन्हाळ्यात पातळ सुती कपडा इमारतीच्या गच्चीवर टाकला तर ज़ुहरच्या नमाज़ला जाऊन येईपर्यंत वाळून कडक होतो. मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको, त्यांची मे महिन्यातली गच्ची तशीच असते. रोज रात्री एक जोड स्वतः धुवायचा. त्यासाठी दहा-बारा फूट नायलॉनची दोरी, आठ-दहा चिमटे आणि कपड्याच्या साबणाची एक वडी एवढेच लागते, आणि त्यांचे वजन एका सलवार-कमीजपेक्षा कमी भरते.

कपडा मात्र बघून घ्यावा. नवा, चमकदार, टेरिकॉटचा जोड हजसाठी म्हणून शिवून घेण्याची रीत आहे. तो घाम शोषत नाही आणि काखेत, मांडीत घासतो. दोन-तीन वेळा धुतलेला, मऊ पडलेला, सैल सुती कपडाच न्यावा. भगिनींनी अबाया पातळ कापडाचा आणि जमिनीपासून बोटभर वर शिवलेला घ्यावा. तवाफच्या गर्दीत लांब घेरावर दुसऱ्याचा पाय पडतो आणि तोल जातो.

आता थंडीचे काय? त्यासाठी एक सुती किंवा पातळ लोकरी शाल. एकच. विमानात ती पांघरूण, बसमध्ये खिडकीचा पडदा, हरमच्या एसीत खांद्यावर, मुज्दलिफात अंथरूण, ताइफला उबेसाठी. पुरुषांना इहराममध्येही बिनशिवलेली शाल खांद्यावर घेता येते, डोके तेवढे उघडे हवे. ब्लँकेट त्यातले एक काम करते आणि जागा अर्ध्या बॅगेची घेते. हिवाळ्यात उमराहला जाणाऱ्यांचे थोडे वेगळे आहे. डिसेंबर-जानेवारीत मक्केत दुपारी पातळ कुर्ता पुरतो आणि त्याच आठवड्यात मदिनेत फज्रला निघताना पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरलेला असू शकतो. तरीही जाड कोट न्यायची गरज नाही. बनियन, कुर्ता, एक स्वेटर आणि वर शाल, असे एकावर एक चढवायचे आणि ऊन चढले की एकेक उतरवायचे. कोट हा सगळा किंवा काहीच नाही असा मामला असतो. उन्हात तो हातात धरून फिरावे लागते.

इहरामबद्दल दोन गोष्टी. बाजारात टॉवेलच्या कापडाचा जाड इहराम मिळतो आणि दुकानदार तोच पुढे करतो. हिवाळ्यात तो चांगला. जूनच्या उन्हात तो घामाने भिजून जड होतो, सुटतो, सावरताना हाज्याची दमछाक होते. उन्हाळ्यासाठी पातळ सुती इहरामचे दोन जोड घ्यावेत, पहिला मळला किंवा नापाक झाला तर दुसरा तयार. दुसरी गोष्ट, तो ठेवायचा कुठे? तुमचे विमान आधी जिद्दाहला जाणार असेल तर मीकात हवेतच ओलांडला जातो, म्हणून इहराम घरून किंवा विमानतळावरूनच बांधून निघायचे असते. दुसरा जोड हातबॅगेत असावा. विमान आधी मदिनेला जाणार असेल तर साध्या कपड्यांत जायचे आणि मक्केकडे निघताना ज़ुल-हुलैफा म्हणजे बीरे अलीला इहराम बांधायचा. मग तो मोठ्या बॅगेत ठेवला तरी चालतो. आपली फ्लाइट कुठे उतरते, हे न विचारता बॅग भरणारे दरवर्षी भेटतात. इहराम पोटातल्या सामानात आणि माणूस विमानात, अशी वेळ येऊ देऊ नये.

शिवलेली चड्डी नसल्याने पुरुषांच्या मांड्या घासून सोलवटतात. हा विषय लाजेने कुणी काढत नाही, आणि मग पहिल्याच उमराहनंतर माणूस दोन दिवस पाय फाकवून चालतो. बिनवासाची व्हॅसलीन निघण्याआधीच मांड्यांना लावावी. शरीर जाड असेल तर नक्कीच. इहराममध्ये खुशबू चालत नाही, म्हणून साबण आणि व्हॅसलीन दोन्ही बिनवासाचेच हवे.

आता खरी महत्त्वाची बॅग. मोठी बॅग मक्केच्या खोलीत राहते. ८ ज़िलहज्जपासून पाच दिवस, मिना, अरफात, मुज्दलिफा, पुन्हा मिना, हाजी जे पाठीवर घेऊन फिरतो ती छोटी पिशवीच त्याची खरी परीक्षा घेते. बस मिळते, पण कधी ती गर्दीत अडकते आणि लोक उतरून चालू लागतात. मुज्दलिफाहून मिनाच्या तंबूपर्यंत, तंबूतून जमरातपर्यंत आणि परत, काही किलोमीटर चालणे बहुतेकांच्या वाट्याला येतेच. ऊन, रात्रीचे जागरण, लाखोंची गर्दी. अशा वेळी जड पिशवी असलेला माणूस एकतर ती वाटेत टाकून देतो, किंवा सोबतच्याच्या खांद्यावर देतो. सोबतचा म्हणजे अनेकदा पत्नी. आम्ही ऐकलेल्या तक्रारींत सर्वांत जास्त वेळा आलेली तक्रार हीच आहे. "त्यांना दम लागत होता, मग दोन्ही पिशव्या मीच घेतल्या," असे बहिणी सांगतात आणि लगेच म्हणतात, "जाऊ द्या, हज झाला ना." हज झाला, पण तो पाठीचे दुखणे घेऊन व्हायची गरज नव्हती.

या पिशवीत आम्ही काय ठेवू? पुरुषांसाठी इहरामचा दुसरा जोड आणि १० तारखेला कुर्बानी-हलक झाल्यावर घालायला एक साधा जोड. स्त्रियांसाठी एक जोड. शाल, घडीची प्लास्टिक चटई, फुगवायची उशी. पाच-सहा दिवसांची औषधे. ओआरएसची पाकिटे. हलक्या रंगाची घडीची छत्री. ती डोक्याला टेकत नाही म्हणून इहराममध्येही चालते. पाण्याची बाटली, कंकर ठेवायला छोटी थैली, मोबाइलचा पॉवर बँक, मूठभर खजूर आणि भाजके चणे. सगळे मिळून, पाण्यासकट, पाच किलोंच्या आत. जास्त भरले तर काढायला काहीतरी सापडतेच, बहुतेक ती दुसरी चादर असते.

आणि ती पिशवी भरून ठेवू नका, भरून चाला. रवानगीच्या महिनाभर आधीपासून फज्रनंतर तीच पिशवी, तीच चप्पल घालून रोज अर्धा-पाऊण तास. चप्पल तळव्याला कुठे लागते, पिशवीचा पट्टा कुठे रुततो, ते गावातच कळते. नवी कोरी चप्पल घेऊन हजला जाणे हा तर सर्रास होणारा प्रकार आहे. मताफचा पांढरा संगमरवर ग्रीसमधल्या थासोस बेटावरून आणलेला आहे आणि भर उन्हातही तो पायाला गार लागतो, म्हणून लोक अनवाणी निर्धास्त होतात. बाहेरच्या रस्त्यावर तसे नाही. चप्पल दारात ठेवून हरवली आणि अनवाणी खोलीवर निघाले की तळव्यांना फोड येतात. मधुमेहाच्या माणसाला ते महिनोन्‌महिने पुरते. चप्पल कापडी पिशवीत घालून जवळच ठेवावी. एक जास्तीचा हलका रबरी जोड असू द्यावा, चार जोड कपड्यांच्या यादीत वाढवण्यासारखी वस्तू असेल तर ही.

२०१८ च्या हजपासून पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रियांना मेहरमशिवाय गटाने जाण्याची मुभा भारत सरकारने दिली, आणि २०२३ मध्ये अशा चार हजारांहून अधिक भगिनी गेल्या. विधवा, एकट्या राहणाऱ्या, ज्यांच्या नावाने कधी कुणी फॉर्मच भरला नसता अशा. त्यांच्या बॅगा उचलायला मुलगा किंवा दीर नसतो. या बहिणींना आमची विनंती आहे की बॅग भरून झाल्यावर ती घरातल्या पलंगावर स्वतः उचलून ठेवून पाहावी, कुणाचा हात न लावता. जमले नाही तर ती बॅग अजून भरून झालेली नाही, रिकामी करायची आहे.

खाण्याच्या सामानावर बोललो की भांडण होते, तरी बोलतो. समुद्रमार्गे हजला जाण्याचे दिवस १९९५ ला संपले. जहाजाने जाणारे आपले वाडवडील ट्रंका, वळकट्या, तांदळाची गोणी, मसाले, भांडी नेत. काही जण कफनाचे कापडही सोबत ठेवत, कारण परत येण्याची खात्री नसे. त्या सामानाला अर्थ होता. आज मक्केत तांदूळ, डाळ, पीठ, आपल्याकडचे मसाले, अगदी लोणचेही दुकानात मिळते. स्टोव्हचा तर विचारच करू नये. १९९७ मध्ये मिनाच्या तंबूंना आग लागून तीनशेहून अधिक हाजी गेले, त्यानंतर तिथे आग न पकडणारे तंबू आले आणि तंबूत स्वयंपाकाला बंदी झाली.

खसखशीकडे तर विशेष लक्ष द्या. आपल्याकडे ती मसाल्यात, अनारशावर, लाडवात असते आणि कुणाच्या मनातही येत नाही. सौदी अरबमध्ये ती अमली पदार्थांत धरली जाते. शेजारच्या भाभींनी प्रेमाने दिलेल्या वाटणाच्या डब्यात ती असू शकते, आणि कस्टमवर डबा ज्याच्या बॅगेत सापडतो तो जबाबदार. म्हणून घरी वाटलेला मसाला नेऊ नये आणि दुसऱ्याने दिलेले बंद पुडके, "फक्त आमच्या भाच्याला पोचवा" म्हणून दिलेले तर मुळीच घेऊ नये. नाही म्हणताना जड जाते. हा अंक त्यांच्या हाती द्या आणि आमच्यावर ढकला.

औषधे मात्र कमी करू नका. बीपी, साखर, थायरॉइडच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या आणि वर आठवड्याच्या, निम्म्या हातबॅगेत, निम्म्या मोठ्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. झोपेच्या, तीव्र वेदनेच्या गोळ्या किंवा कोडीनचे खोकल्याचे औषध असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांशी आणि हज कमिटीच्या माणसांशी बोलून घ्या. इन्सुलिन कधीही विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत टाकू नये, तिथल्या थंडीत ते गोठू शकते. आणि मिनाच्या उन्हात ते पिशवीत उघडे ठेवले तरी निकामी होते. औषधाच्या दुकानात इन्सुलिनसाठी थंड राहणारी छोटी थैली मिळते, ती घ्यावी.

राहिले परतीचे. नातेवाइकांच्या जानमाज़, तसबीह, अत्तराच्या याद्या घेऊन जाणारा हाजी अर्धा वेळ बाजारात घालवतो, आणि त्यातल्या कितीतरी वस्तू मुंबईत मोहम्मद अली रोडला मिळतात. ज्यांनी दुआ मागितली आहे त्यांच्यासाठी दुआ करून यावे. खजूर सगळ्यांना एकेक वाटला तरी पुरतो. ज़मज़मचे पाच लिटरचे कॅन वेगळे मिळते, बाटल्या बॅगेत दडवून आणू नयेत, त्या काढून घेतल्या जातात आणि फुटल्या तर कपडे भिजतात. वजनाची मर्यादा त्या वर्षीच्या परिपत्रकात पाहावी, मागच्या वर्षीच्या हाजीने सांगितली त्यावर जाऊ नये. सगळ्यांच्या बॅगा सारख्याच दिसतात, म्हणून कव्हर नंबर दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरांत लिहून मुठीला ठळक रंगाची फीत बांधावी.

जूनच्या शेवटी किंवा जुलैत परतणार असाल तर छत्री बॅगेच्या तळाशी टाकू नका. चाळीस दिवस उन्हासाठी वापरलेली तीच छत्री मुंबईत उतरल्याबरोबर पावसासाठी लागते. एक मोठी प्लास्टिकची पिशवीही वर ठेवा, खजूर आणि जानमाज़ तिच्यात घालून गाडीच्या टपावर चढवता येतात.